लशीतला वाहक

२०२४ च्या मे महिन्याच्या सुरुवातीला, कोल्हापुरात लोकसभेच्या मतदानाची गडबड चालू असताना, मामाचा फोन आला. मामा कागल तालुक्यात राहतो. थोडा ऊस, चार दुभती जनावरं आणि घरामागं कोंबड्यांचं शेड. कोण निवडून येणार हे विचारायला फोन केला असेल असं वाटलं, पण मामाची काळजी वेगळीच निघाली.

“आरं, त्या कोव्हिशील्डमध्ये माकडाचा व्हायरस घातला हुता म्हणं. आन गुठळ्या हुत्यात म्हणून कंपनीनं कोर्टात कबूल केलंय. आमी दोन-दोन डोस घेऊन बसलोय की रं. आता?”

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. फोनवर पाच मिनिटांत समजावून सांगू म्हटलं आणि सपशेल फसलो. शेवटी रविवारी गावी गेलो आणि शेडच्या दारात बसून पहिल्यापासून सांगितलं. त्या दिवशी जे बोलणं झालं, तेच जरा नीट लावून इथं लिहितोय.

मामाचं एक बरोबर होतं. त्या लशीत चिंपांझीमध्ये सापडणारा विषाणू होता. (चिंपांझी म्हणजे माकड नव्हे, पण ते जाऊ दे.) यात कुणी काही लपवलं नव्हतं, लशीच्या शास्त्रीय नावातच ते लिहिलेलं आहे: चॅडॉक्स-१. त्यातला ‘च’ चिंपांझीचा, ‘ॲड’ ॲडेनोव्हायरसचा आणि ‘ऑक्स’ ऑक्सफर्डचा. तिथल्या जेनर इन्स्टिट्यूटनं तो घडवला आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं त्यावरची लस ‘कोव्हिशील्ड’ या नावानं बनवली.

अशा लशीला व्हायरल व्हेक्टर लस म्हणतात. व्हेक्टरला मराठी पुस्तकांत ‘वाहक’ हा शब्द आहे. वर्गात तो उच्चारला की मागच्या बाकावरून हमखास आवाज येतो, “सर, एसटीतला?” पहिली काही वर्षं मी चिडायचो. मग लक्षात आलं, पोरं अगदी बरोबर बोलतायत.

गावाकडची कितीतरी पोरं कोल्हापुरात खोली घेऊन शिकली ती एसटीनं येणाऱ्या डब्यावर. आई सकाळी डबा भरून पहिल्या गाडीच्या कंडक्टरकडं द्यायची, पोरगं स्टँडवर जाऊन उतरवून घ्यायचं. डब्यात काय आहे याच्याशी कंडक्टरला देणंघेणं नाही, त्यानं तो पोचवायचा. वाहक विषाणू हेच काम करतो. फरक एवढाच, की याच्या डब्यात भाकरी-आमटी नसते. कृती लिहिलेली चिठ्ठी असते, आणि स्वयंपाक पोरानं खोलीवर करायचा असतो.

ती चिठ्ठी म्हणजे जनुक. कोव्हिशील्डच्या बाबतीत करोना विषाणूच्या अंगावरच्या काट्याचं, म्हणजे स्पाइक प्रथिनाचं जनुक. खोली म्हणजे आपली पेशी. चिठ्ठी वाचून पेशी तो काटा तयार करते आणि आपल्या अंगावर मिरवते. रोगप्रतिकारक पेशींना ते परकं दिसतं, त्या खवळतात, अँटिबॉडी तयार होतात आणि पुढच्या वेळेसाठी आठवणही राहते. अख्खा करोना विषाणू शरीरात गेलेलाच नसतो, त्यामुळं लशीतून करोना होण्याचा प्रश्न येत नाही. (कोव्हॅक्सिनचा प्रकार वेगळा. तिच्यात अख्खाच करोना विषाणू होता, पण रसायनानं मारलेला.)

विषाणूच का, दुसरं काही का नाही? कारण परक्या पेशीत चिठ्ठी पोचवणं हा विषाणूचा पिढीजात धंदा आहे. विषाणू म्हणजे प्रथिनांच्या कवचात गुंडाळलेलं जनुकांचं बाड. त्याच्याकडं स्वतःचं स्वयंपाकघर नाही. दुसऱ्याच्या घरात शिरायचं, त्याचीच भांडी, त्याचाच शिधा वापरून आपली हजारो पोरं जन्माला घालायची आणि घर मोडून बाहेर पडायचं, एवढंच त्याला येतं. यातलं घरात शिरण्याचं कसब ठेवायचं आणि पोरं घालण्याचं काढून घ्यायचं, ही या तंत्राची सगळी मेख.

हे सांगितल्यावर मामा म्हणाला, “म्हणजे खोंड बडवायचा.”

मला हे सुचलं नव्हतं. पण यापेक्षा चांगली उपमा मी आजवर कुठं वाचलेली नाही. खोंड बडवला की बैल होतो. अंगातली ताकद तशीच राहते, गाडी ओढतो, नांगर ओढतो, पण वंश वाढवत नाही. ॲडेनोव्हायरसचं असंच करतात. त्याचं डीएनए साधारण ३६,००० अक्षरांचं. त्यात सुरुवातीलाच ई-१ नावाचा भाग असतो. पेशीत शिरल्यावर ‘चला, आता पिलावळ वाढवायला घ्या’ हा हुकूम तिथून सुटतो. तो भाग कापून टाकला की विषाणू पेशीत शिरतो, डबा देतो आणि संपतो. ई-३ नावाचा आणखी एक भाग सहसा काढतात. पेशीत लपून राहायला विषाणूला तो उपयोगी पडतो, वाहकाला त्याची गरज नसते. कापाकापीनं जागाही मोकळी होते. स्पाइकचं जनुक सुमारे ३,८०० अक्षरांचं, ते मोकळ्या झालेल्या जागेत आरामात बसतं.

मामाचा पुढचा प्रश्न मात्र खोच काढणारा. “बैल बडवला तर पुढचा बैल कुठनं आणायचा? एका सुईत किती असत्यात ह्ये?”

अर्ध्या मिलिलिटरच्या एका डोसात पाच हजार कोटी विषाणू-कण. हा आकडा ऐकून मामानं तंबाखू मळायची थांबवली. आणि इथं बैलाची उपमा तुटते, कारण बैलाला परत खोंड करता येत नाही. विषाणूच्या बाबतीत मात्र एक पळवाट आहे. त्याच्याकडं नसलेला ई-१ भाग ज्या पेशीत आधीच बसवलेला आहे, अशा पेशीत त्याला वाढवायचं. त्या पेशीत विषाणूला हुकूम उसना मिळतो आणि तो भराभर वाढतो. बाहेर आला की परत वांझ.

अशा पेशींतली सर्वांत प्रसिद्ध जात एचईके-२९३. १९७३ साली नेदरलँड्समधल्या लायडन इथं फ्रँक ग्रॅहम यांनी मानवी भ्रूणाच्या मूत्रपिंडातल्या पेशींपासून ती तयार केली. २९३ हा त्यांच्या प्रयोगवहीतला क्रमांक. त्या एका प्रयोगातून आलेल्या पेशींचा वंश आज पन्नास वर्षांनंतरही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढतो आहे. भ्रूणाचा उल्लेख आला की काहींना खटकतं, त्यात गैर काही नाही. मात्र दर वेळी नवा भ्रूण लागत नाही आणि लशीत त्या पेशी जात नाहीत. मोठ्या टाक्यांत पेशी वाढवायच्या, त्यांत विषाणू सोडायचा, पेशी फोडायच्या आणि गाळून-गाळून विषाणू वेगळा काढायचा, अशी कृती असते. साखर कारखान्याची डिस्टिलरी ज्यानं आतून पाहिली आहे त्याला टाक्या बघून फार नवल वाटणार नाही, स्वच्छतेचं मात्र वाटेल. एखादा विषाणू या पेशीतला ई-१ चा तुकडा उचलून परत वाढण्याजोगा झाला नाही ना, हेही तपासावं लागतं.

चिंपांझी लागत नाहीत, हे सांगायचं राहिलं. विषाणू एकदा चिंपांझीत सापडला, त्यानंतरचं सगळं काम प्रयोगशाळेत झालं.

बैल एकदा तयार झाला की गाडीत काय भरायचं ते बदलता येतं. चॅडॉक्स करोनासाठी घाईघाईत जुळवलेला नव्हता. तो त्याआधी काही वर्षं तयार होता आणि त्यावर मर्स या करोनाच्याच भावकीतल्या रोगाची लस करून माणसांवर तपासूनही झाली होती. जानेवारी २०२० मध्ये नव्या विषाणूचा जनुकीय क्रम जाहीर झाला, तेव्हा सारा गिल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना फक्त डबा बदलायचा होता. २३ एप्रिल २०२० ला ऑक्सफर्डमध्ये माणसांवरची चाचणी सुरूसुद्धा झाली. “एवढ्या लवकर लस आली म्हणजे काहीतरी गडबड आहे” असं म्हणणाऱ्यांना मी हेच सांगतो, की गाडी आधीपासून स्टँडवर उभी होती.

आता जरा मागं जाऊ, कारण ही सगळी गोष्ट गोठ्यातूनच सुरू झाली आहे.

१७९६ साली इंग्लंडमध्ये एडवर्ड जेनरनं गाईच्या सडांवर येणाऱ्या देवीतली लस घेऊन एका आठ वर्षांच्या मुलाला टोचली. गाईची देवी माणसाला फारसा त्रास देत नाही, पण तिची ओळख झालेलं शरीर माणसाच्या देवीलाही ओळखतं. लॅटिनमध्ये गाईला ‘वाक्का’ म्हणतात, ‘व्हॅक्सिन’ हा शब्द तिथून आला. आपल्याकडं ‘लस’ म्हणजे मुळात फोडातून झिरपणारा पातळ द्रव. १८०२ मध्ये मुंबईत पहिल्यांदा देवी टोचल्या गेल्या. मामाच्या पिढीच्या दंडावर त्याची खूण अजून आहे. माझ्या विद्यार्थ्यांच्या दंडावर नाही, कारण १९८० मध्ये देवी जगातून गेल्याचं जाहीर झालं.

मामानं ही युक्ती स्वतःच्या गोठ्यात पाहिलेली. २०२२ मध्ये लम्पीची साथ आली तेव्हा गाईंना टोचली ती शेळ्यांच्या देवीची लस. लम्पी आणि शेळीची देवी एकाच घराण्यातले विषाणू. जेनरची दोनशे वर्षांपूर्वीची चाल, जशीच्या तशी.

पण या चालीला एक मर्यादा आहे. प्रत्येक रोगाला असा सोज्वळ चुलतभाऊ असतोच असं नाही. एचआयव्हीला नाही, इबोलाला नाही. मग चुलतभाऊ शोधत बसण्यापेक्षा आपणच का घडवू नये? १९८२ मध्ये अमेरिकेत बर्नार्ड मॉस आणि एन्झो पाओलेत्ती यांच्या गटांनी वेगवेगळं काम करून तेच करून दाखवलं, आणि तेही देवीच्या लशीतल्या विषाणूवरच. देवी संपल्यानं निवृत्त झालेल्या त्या विषाणूत त्यांनी दुसऱ्याचं जनुक बसवलं. हा विषाणू ॲडेनोपेक्षा बराच मोठा, एसटीच्या जागी ट्रक म्हणा. पंचवीस हजार अक्षरांपर्यंतचा माल चढतो. त्यावर बनलेली रेबीजची लस आमिषात भरून फ्रान्स-बेल्जियमच्या रानांत टाकली गेली. कोल्ह्यांनी आमिष खाल्लं, कोल्ह्यांना लस मिळाली. कोल्ह्याला धरून सुई टोचायची गरज पडली नाही.

इथवर सगळं छान. इथून पुढं खरी अडचण, आणि माझ्या मते वाहक लशींबद्दल कळून घ्यायची हीच एक गोष्ट आहे: शरीर फक्त डबा ओळखत नाही, कंडक्टरलाही ओळखून ठेवतं.

हे मामाला समजावायला मला काहीच कष्ट पडले नाहीत. शेडमध्ये पिल्लं आली की गंबोरो या रोगाची लस पाण्यातून द्यायची असते, आणि ती कधी द्यायची यावर पोल्ट्रीवाल्यांत कायम खल चालतो. लवकर दिली तर लागत नाही. का? तर कोंबडीकडून अंड्यातून आलेल्या अँटिबॉडी पिल्लाच्या रक्तात अजून शिल्लक असतात, त्या लशीतल्या जिवंत विषाणूलाच खाऊन टाकतात. उशिरा दिली तर मधल्या दिवसांत रोग गाठतो. मामानं एका वर्षी यात पैसे घालवलेत.

माणसांतही तसंच होतं. ॲडेनोव्हायरसचे अनेक प्रकार आपल्याला सर्दी-खोकला देऊन जातात. त्यातला पाचव्या क्रमांकाचा प्रकार, ॲडेनो-५, शास्त्रज्ञांच्या सर्वांत ओळखीचा, हाताळायला सोपा. पण तो आपल्याही ओळखीचा. भारतात आणि आफ्रिकेत बहुसंख्य प्रौढांच्या रक्तात त्याच्याविरुद्धच्या अँटिबॉडी आधीच फिरत असतात. अशा माणसाला ॲडेनो-५ वर स्वार झालेली लस टोचली तर बरेचसे कंडक्टर स्टँडवर उतरायच्या आतच पकडले जातात. डबा पोचत नाही.

याचा सर्वांत कडू धडा २००७ मध्ये मिळाला. मर्क कंपनीची एचआयव्हीवरची लस ॲडेनो-५ वर बसवलेली होती. सुमारे तीन हजार स्वयंसेवकांवर चाचणी चालू होती, ती सप्टेंबरमध्ये थांबवावी लागली. लशीचा उपयोग झाला नाहीच, उलट ज्या पुरुषांच्या रक्तात ॲडेनो-५ विरुद्ध अँटिबॉडी आधीपासून होत्या, त्यांच्यात लस घेतलेल्यांना एचआयव्हीची लागण जास्त झालेली दिसली. लशीतून एचआयव्ही होणं शक्यच नव्हतं, डब्यात त्याची फक्त तीन जनुकं होती. पण वाहक म्हणजे मुकाट डबा नेणारा निर्जीव खोका नव्हे, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. मी वर म्हटलं ना, कंडक्टरला देणंघेणं नसतं? त्याला नसतं. आपल्या शरीराला असतं.

चिंपांझी इथं कामाला आला. त्याच्या ॲडेनोव्हायरसशी माणसांची गाठ सहसा पडलेली नसते, त्यामुळं हा कंडक्टर अनोळखी. जॉन्सन अँड जॉन्सननं माणसांतलाच पण कमी आढळणारा ॲडेनो-२६ घेतला. रशियाच्या गमालेया संस्थेनं स्पुटनिक-व्ही मध्ये आणखी वेगळी शक्कल काढली: पहिल्या डोसाला ॲडेनो-२६ आणि दुसऱ्याला ॲडेनो-५. पहिल्या फेरीत ज्याला ओळखलं, तो दुसऱ्या फेरीला येतच नाही. कल्पना म्हणून मला ही सगळ्यांत आवडते. पण एका लशीसाठी दोन वेगवेगळे विषाणू वाढवायचे म्हणजे दोन कारखाने चालवल्यासारखंच, आणि दुसऱ्या डोसाच्या उत्पादनात ते अडखळले.

कोव्हिशील्डमध्ये दोन्ही वेळा एकच कंडक्टर. इथं दोन डोसांमधल्या अंतराची आठवण काढायला हवी, कारण त्यावरून तेव्हा फार आरडाओरडा झाला होता. आधी चार ते सहा आठवडे, मार्च २०२१ मध्ये सहा ते आठ, मेमध्ये बारा ते सोळा. लोक म्हणाले, लस संपलीय म्हणून तारखा पुढं ढकलतायत. तुटवडा होताच, नाकारण्यात अर्थ नाही. कोल्हापुरातही पहाटेपासून केंद्रांवर रांगा लागत. पण त्याच वर्षी फेब्रुवारीत ऑक्सफर्डच्या चाचण्यांचे आकडे प्रसिद्ध झाले होते: दोन डोसांत सहा आठवड्यांहून कमी अंतर असेल तर परिणामकारकता सुमारे ५५ टक्के, बारा आठवडे किंवा जास्त असेल तर सुमारे ८१. पहिल्या डोसानंतरचा गलका निवला की दुसरा डोस चांगला लागतो. सरकारची अडचण आणि शास्त्र, दोघं त्या वेळी एकाच दिशेला निघाले होते एवढंच. ते तसं कुणी समजावून सांगितलं नाही, ही माझी तक्रार आजही आहे.

आता गुठळ्या. मामा याचसाठी तर बसला होता.

ही नेहमीची गुठळी नव्हे. हार्ट अटॅकमधली वेगळी, ही वेगळी. डेंग्यूमुळं प्लेटलेट हा शब्द आता घराघरांत माहीत आहे. जखम झाली की रक्त थांबवायला धावणाऱ्या त्या कणिका. लशीनंतरच्या या विकारात एकीकडं मेंदूतल्या किंवा पोटातल्या शिरांत गुठळ्या होतात आणि दुसरीकडं प्लेटलेटची संख्या घसरते. दोन्ही एकाच वेळी, म्हणून डॉक्टरही सुरुवातीला चक्रावले.

कारण शोधताना बोट कंडक्टरकडंच गेलं. प्लेटलेटमधून पीएफ-४ नावाचं एक प्रथिन बाहेर पडतं. त्यावर धन विद्युतभार असतो. ॲडेनोव्हायरसच्या कवचावर ऋण. दोघं एकमेकांना चिकटू शकतात. अगदी मोजक्या लोकांच्या शरीराची इथं फसगत होते आणि ते आपल्याच पीएफ-४ विरुद्ध अँटिबॉडी बनवून बसतं. त्या अँटिबॉडी प्लेटलेटना विनाकारण चेतवतात, गुठळ्या होतात, प्लेटलेट त्यात खर्ची पडतात. दोष वाहकाचा आहे आणि डब्याचा नाही, असं म्हणायला चांगला आधार आहे: हाच विकार ॲडेनो-२६ वाल्या जॉन्सनच्या लशीनंतरही दिसला, पण तोच स्पाइकचा डबा चरबीच्या बारीक थेंबांतून पोचवणाऱ्या एमआरएनए लशींनंतर असा सिलसिला दिसला नाही. पुढं २०२३ मध्ये तर साध्या ॲडेनोव्हायरसच्या आजारानंतर, कुठलीही लस न घेता, असाच विकार झालेले रुग्ण नोंदले गेले.

किती जणांना झालं? ब्रिटनमध्ये ढोबळमानानं लाखात एकाला, पन्नाशीच्या आतल्यांत पन्नास हजारांत एकाला, तेही मुख्यतः पहिल्या डोसानंतर. भारतात मे २०२१ मध्ये केंद्र सरकारच्या समितीनं अशा २६ संशयित घटना मोजल्या, दहा लाख डोसांमागं ०.६१. आपल्याकडं सगळ्या घटनांची नोंद होते असं मी म्हणणार नाही. त्या गदारोळात तर नाहीच. तरी आकडा दुपटी-चौपटीनं वाढवून धरला तरी तो दुर्मिळच राहतो. आणि ज्यांच्या घरात हे घडलं, त्यांना या ‘दुर्मिळ’ शब्दाचा काही उपयोग नाही, हेही खरंच.

मामासाठी महत्त्वाचं पुढचं होतं. हा विकार लस घेतल्यावर साधारण पाच ते तीस दिवसांत होतो. तीन वर्षांनी होत नाही. चॅडॉक्सचं डीएनए पेशीच्या केंद्रकात जातं, पण आपल्या गुणसूत्रांत स्वतःला जोडून घेत नाही, बाजूला पडून राहतं. काटा मिरवणाऱ्या त्या पेशी रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच साफ करून टाकते. पाच हजार कोटी बैलांपैकी एकही २०२४ पर्यंत गोठ्यात उरलेला नव्हता.

कंपनीनं, म्हणजे ऑक्सफर्डबरोबर ही लस काढणाऱ्या ॲस्ट्राझेनेकानं, न्यायालयात जे लिहून दिलं ते ‘अत्यंत क्वचित’ असं होतं, आणि शास्त्रज्ञांनी ते २०२१ मध्येच छापलेलं होतं. डेन्मार्कनं ही लस एप्रिल २०२१ मध्ये बंद केली होती, ब्रिटननं तरुणांना दुसरी लस द्यायला सुरुवात केली होती. बातमी तीन वर्षं जुनी होती, मोबाइलवर ती ताजी होऊन आली. युरोपातला परवाना कंपनीनं मागं घेतला तेही खरं, आणि योगायोग असा की तो ज्या दिवशी संपला त्या ७ मे २०२४ ला आपण इकडं कोल्हापुरात मतदानाच्या रांगेत उभे होतो. कंपनीनं कारण दिलं ते खपाचं: नव्या अवतारांसाठी सुधारलेल्या लशी बाजारात भरपूर, जुनीला मागणी नाही.

“मग कोंबड्यांना असलं काय का न्हाई हुत?” मामा म्हणाला. त्याला वाटलं कोंबड्यांना साधी लस असते.

मी त्याला मानेत टोचून येणाऱ्या पिल्लांबद्दल सांगितलं. मॅरेक नावाच्या रोगात कोंबडीचे पाय लुळे पडतात, अंगात गाठी होतात. त्यावर १९७० च्या दशकापासून टर्की पक्ष्यातला एक हर्पीस विषाणू लस म्हणून देतात. टर्कीचा विषाणू कोंबडीला बाधत नाही, पुन्हा जेनरचाच चुलतभाऊ. आता त्याच विषाणूत गंबोरोचं किंवा राणीखेतचं, म्हणजे मानमोडीचं, एखादं जनुक बसवून एका सुईत दोन रोगांची लस देतात. हॅचरीतच, पहिल्या दिवशी, नाहीतर पिल्लू अंड्यात असतानाच. हा विषाणू बडवलेला नसतो. तो कोंबडीत वाढतो आणि आयुष्यभर राहतो, म्हणून पुन्हा लस द्यावी लागत नाही. शिवाय तो पेशीतून शेजारच्या पेशीत आतल्या आत सरकतो, रक्तात उघडा फिरत नाही. त्यामुळं आईकडून आलेल्या अँटिबॉडींच्या हाती तो सहजी लागत नाही, आणि लवकर-उशिराचा खल बऱ्याच अंशी मिटतो. त्याला जिवंत ठेवायला द्रवरूप नायट्रोजन लागतं. म्हशीला भरायच्या कांड्या ज्या वाफाळत्या टाकीतून डॉक्टर काढतो, तसलीच टाकी.

मामा उठून शेडमध्ये गेला आणि मागच्या बॅचचा कागद घेऊन आला. लशींच्या रकान्यात ‘व्हेक्टर’ शब्द होता. बराच वेळ तो कागद हातात धरून बसला.

न बडवलेला वाहक माणसांतही वापरतात, पण जपून. अमेरिका खंडात गाई-घोड्यांच्या तोंडात लाळ्या-खुरकुतासारखे फोड आणणारा व्हीएसव्ही नावाचा विषाणू आहे. त्याच्या अंगावरचं स्वतःचं प्रथिन काढून तिथं इबोलाचं बसवलं, म्हणजे कंडक्टरलाच दुसऱ्याचे कपडे चढवले. ही लस शरीरात थोडी वाढते, त्यामुळं ताप आणि सांधेदुखी येते, पण एकच डोस पुरतो. २०१५ मध्ये गिनीत रुग्णाच्या संपर्कातल्यांना आणि त्यांच्या संपर्कातल्यांना घेरून लस दिली, देवीच्या वेळी करायचे तसंच. ज्यांना ती लगेच मिळाली, त्यांच्यात दहा दिवसांनंतर इबोलाचा एकही नवा रुग्ण निघाला नाही. २०१९ च्या अखेरीस युरोप आणि अमेरिकेनं तिला परवाना दिला.

चॅडॉक्सवरचं कामही थांबलेलं नाही. जानेवारी २०२४ मध्ये ऑक्सफर्डला त्याच वाहकावर निपाहच्या लशीची माणसांवरची पहिली चाचणी सुरू झाली. आता गंमत बघा, भारतात कोट्यवधी लोकांच्या ओळखीचा झालेला हा कंडक्टर. अनोळखी म्हणून निवडला होता, तो आता गावभर माहीत. त्याचा पुढच्या लशींवर किती परिणाम होतो, हा प्रश्न संशोधकांपुढं आहे. नाकात थेंब सोडायची इन्कोव्हॅक ही भारत बायोटेकची लस चिंपांझीच्याच, पण वेगळ्या ॲडेनोव्हायरसवर होती. ती जानेवारी २०२३ मध्ये आली तोवर लोकांचा लशींचा उत्साह संपला होता.

निघताना मामानं सहज विचारलं, आपल्या भागातल्या कुठल्या रोगावर असलं काही चाललंय का. चाललंय. आजरा-चंदगडच्या पलीकडं घाट उतरला की दोडामार्ग. तिथं २०१६ पासून माकडताप आहे. १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याच्या जंगलात पहिल्यांदा सापडलेला, गोचिडीतून पसरणारा. काजूच्या बागेत, रानात लाकडाला जाणाऱ्यांना होतो. जुनी लस मारलेल्या विषाणूची होती, वरचेवर डोस घ्यावे लागत आणि तरी भरवसा कमी. अमेरिकेतल्या संशोधकांनी व्हीएसव्हीच्या अंगावर या विषाणूची प्रथिनं चढवून लस केली आहे. उंदरांत आणि माकडांत एका डोसानं ती चालली. माणसांपर्यंत यायला अजून अवकाश आहे.

“म्हंजे माकडतापाच्या लशीत माकड न्हाई, गाईचा व्हायरस,” मामा म्हणाला, “आन करोनाच्या लशीत माकड.” मग जरा थांबून, “गोचिडालाच मारायची लस न्हाई का रं? म्हशीच्या कानात बघ जा किती झाल्यात.”